आजारी माणसाला गाव लागतं

डब्ल्यूएचओचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा, एकटेपणावरचा मोठा रिपोर्ट २०२५ च्या जूनमध्ये आला. त्यात होतं की जगात सहा माणसांमागं एकाला एकटेपणा छळतोय आणि वर्षाला साधारण ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लागतो. तेव्हापासून हा विषय सगळीकडं दिसतोय, पेपरच्या पुरवण्यांत, रील्सवर, आणि उपाय काय तर ग्रुप जॉइन करा, हास्यक्लबला जा, एखादा छंद लावून घ्या. चांगलंच आहे ते, माझी आईसुद्धा रोज सकाळी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जाते आणि आली की तासभर तिचा चेहरा वेगळाच असतो. पण मला सारखं वाटतं की यात एक फार मोठी गोष्ट सुटतेय. एकट्या बसलेल्या माणसाला चार लोकांत नेऊन बसवणं वेगळं आणि ज्याला त्या चार लोकांनीच बाहेर ठेवलंय त्याला आत घेणं वेगळं. आणि आख्ख्या गावाची तब्येत बघायला गेलं तर ती बहुतेक वेळा या दुसऱ्या ठिकाणी अडकलेली असते. हे मी हवेत बोलत नाहीये, आमच्याच भागात पन्नास वर्षांपूर्वी हे घडून गेलंय, नगर जिल्ह्यातल्या जामखेडला.

मी बीड जिल्ह्यातल्या आष्टीची, आजोळ जामखेड तालुक्यातलं. आमच्याकडं आरोळ्यांचा दवाखाना म्हटलं की पुढं पत्ता सांगावा लागत नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या सीएमसी मेडिकल कॉलेजात शिकलेले, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून आले आणि १९७० ला जामखेडमध्ये काम सुरू केलं. पुढं १९७९ ला दोघांना मिळून मॅगसेसे मिळालं, आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, जगभरातून लोक शिकायला यायला लागले, ते सगळं वाचायला मिळतंच. मला इथं सुरुवातीच्या वर्षांबद्दल बोलायचंय.

तेव्हा या भागात हजार जन्मांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे दर पाच-सहा बाळांतलं एक. आणि जात कशानं होती तर हगवण, धनुर्वात, न्यूमोनिया, आणि मुळात अंगात काही नसणं. यातलं एकही असं दुखणं नाही की ज्याला मोठं मशीन लागतं. मीठ-साखरेचं पाणी, नाळ कापायला उकळलेलं ब्लेड, गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन, लेकराच्या पोटात वेळेवर दोन घास. सगळं माहीत होतं, स्वस्त होतं, पण ते घराघरात पोचवायचं कोणी हा प्रश्न होता. त्यांनी आधी शिकलेल्या नर्स गावात पाठवून बघितल्या. ते काही जमलं नाही. बाहेरची एकटी बाई खेड्यात राहणार कुठं, आणि राहिली तरी तिच्यापुढं आमच्या बायका तोंड उघडणार का, सासूसमोर तर नाहीच नाही. मग असं ठरलं की गावातलीच बाई घ्यायची, गावानं निवडलेली, शाळा शिकलेली नसली तरी चालेल. अशा ज्या बायका आल्या त्यातल्या बऱ्याच दलित होत्या, बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, काहींना नवऱ्यानं टाकलेलं होतं. गावात ज्यांचं मत कधी कोणी विचारलं नव्हतं अशा बायका.

आता जरा त्या वेळचं गाव डोळ्यासमोर आणा. गाव एक पण पाणवठे दोन. वरच्या लोकांची विहीर वेगळी, वस्तीतल्या बायकांनी विहिरीच्या कडेला उभं राहायचं आणि कोणी वरून पाणी ओतलं तर घ्यायचं, नाहीतर ओढ्याचं गढूळ. मग हगवण आधी कोणाच्या लेकराला लागणार हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे. बहात्तरचा दुष्काळ पडला, खडी फोडायची कामं निघाली, सुकडी खाऊन माणसं जगली, आणि त्याच काळात आरोळ्यांनी गावोगावी बोअर घ्यायला सुरुवात केली. त्यांनी एक गोष्ट मुद्दाम केली, पाणी बघायला आलेल्या माणसाला सांगितलं की जागा दलित वस्तीत बघा. हातपंप वस्तीत बसला. आता पाणी पाहिजे तर वरच्या आळीतल्या बायकांना घागर घेऊन वस्तीत यावं लागणार, रांगेत उभं राहावं लागणार, आणि रांगेत उभं राहिलं की बाई बोलतेच. कोणाला किती दिवस गेलेत, कोणाच्या पोराला ताप आहे, सगळं.

मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ तोच विचार करत बसले होते. त्यांना समतेवर भाषण करता आलं असतं, त्या काळात करणारे खूप होते. त्यांनी पंपाची जागा निवडली. लहान मुलांसाठी दुष्काळात जेवणं सुरू केली तिथंही तसंच, सगळ्या जातीची पोरं एकत्र बसून जेवणार. पुरुष मीटिंगला येईनात तर व्हॉलीबॉल सुरू केला, स्वतः डॉक्टर खेळायला उतरायचे, आणि खेळताना बॉल कोणी मारलाय हे कोण बघतं, त्यातूनच पुढं तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. मग त्याच मंडळांनी गावातली गटारं, झाडं, खतं असली कामं अंगावर घेतली. म्हणजे पाणी, जेवण आणि खेळ, औषधाची पेटी यानंतर येते.

आणि त्या निवडलेल्या बायकांचं ट्रेनिंग. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचं, मुक्काम करायचा, एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, आणि रात्री सगळ्यांना मिळून एकच मोठं पांघरूण. वेगवेगळ्या जातीच्या बायका, काही जणी घरून निघताना दुसरीच्या हातचं खायचं नाही असं ठरवून निघालेल्या, आणि रात्री थंडीत एकाच पांघरुणाखाली. जामखेडची थंडी ज्यांनी खाल्लीये त्यांना माहितीये, डिसेंबरात फरशीवर झोपलं की शेजारच्या बाईची ऊब लागतेच. मला वाटतं हे पांघरूण ज्याच्या कोणाच्या डोक्यातून निघालं त्याला माणूस फार खोलवर कळला होता.

माझ्या मामीचं माहेर ज्या गावात आहे तिथं अशी एक आरोग्यसेविका होती, सगळे अक्का म्हणायचे. मामी तेव्हा लहान होती पण तिला नीट आठवतं की तिच्या घरी ओसरीच्या बाहेर, वळचणीला, एक वेगळी कपबशी ठेवलेली असायची, जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची, कडेला पोचा पडलेली. वस्तीतलं कोणी कामाला आलं की त्यात चहा, पिऊन झाला की त्यांनीच विसळून परत तिथं ठेवायची. अक्का पहिल्यांदा पेटी घेऊन आली तेव्हा तिलाही चहा त्याच कपात. अक्का काही बोलली नाही, चहा प्यायली, लेकराचं वजन केलं, दंडाचा घेर मोजला आणि गेली. असं बरेच महिने चाललं. मग मामीच्या धाकट्या भावाला हगवण लागली, डोळे खोल गेलेले, टाळू आत गेलेली, आणि मामीच्या आजीनं रात्री माणूस पाठवून अक्काला बोलावलं. अक्का आत आली, थेट चुलीपाशी, कारण पाणी उकळायचं होतं. रात्रभर चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत बसली, चमचा द्यायची, थांबायची, पोरगं ओकलं की परत द्यायची. सकाळी पोरानं लघवी केली तशी आजीनं चहा टाकला आणि घरातल्या कपात दिला. मामी म्हणते, "त्या दिवसापासनं ती जर्मनची कपबशी कुणी बघितली नाही. तिच्या हातचं पाणी पेत नव्हते लोक, अन् मग लेकरूच तिच्या हातात द्याया लागले."

मला विचाराल तर इथं दोन माणसं बरी झाली. लेकरू तर झालंच. पण अक्का, जिला नवऱ्यानं सोडलं होतं आणि भावाच्या घरात जी दबून राहायची, ती पुढं ग्रामसभेत उभी राहून बोलायला लागली. जिला आपण कोणाला तरी हव्या आहोत असं वाटतं ती बाई स्वतः वेळेवर जेवते, स्वतःच्या पोरीला शाळेत घालते, दारू पिऊन मारणाऱ्याला बाकीच्या बायका घेऊन जाब विचारते. महिला विकास मंडळं याच बायकांनी उभी केली, त्यात बचत आली, कुष्ठरोग झालेल्याला गावाबाहेर न काढता घरातच औषध द्यायचं आलं. यांच्यातल्याच मुक्ताबाई पोळ अमेरिकेला वॉशिंग्टनमधल्या परिषदेत जाऊन बोलल्या. मोठे डॉक्टर म्हणजे हॉलमधली झुंबरं, आणि आम्ही म्हणजे पणत्या, पण एका पणतीनं दुसरी पेटवता येते, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं होतं. कामाला सुरुवात होऊन पाच-सहा वर्षांत १७६ चा आकडा पन्नासच्या आसपास आला होता आणि पुढं अजून खाली गेला. तालुका तोच, पाऊस तेवढाच पडत होता, आणि कोणी एकदम श्रीमंतही झालं नव्हतं.

कोणी म्हणेल की हे आरोळे दांपत्य होतं म्हणून झालं, प्रत्येक तालुक्याला आरोळे कुठून आणायचे. मलाही बरेच दिवस ही शंका होती. पण झारखंड आणि ओडिशात एकजुट नावाच्या संस्थेनं जे केलं ते वाचलं आणि शंका गेली. तिथल्या आदिवासी गावांत त्यांनी बायकांचे गट केले, महिन्याला एक बैठक, गावातलीच एक बाई बैठक चालवणार, चित्रांची कार्डं, गोष्टी, खेळ, आणि प्रश्न एवढाच की आपल्याकडं बाळं आणि बाळंतिणी का जातात आणि आपण मिळून काय करू शकतो. औषध वाटप वगैरे त्या बैठकीत नाही. २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये त्याचा अभ्यास छापून आला, नीट गावं विभागून केलेला. जिथं गट होते तिथं तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी, आणि पहिलं वर्ष सोडून शेवटची दोन वर्षं धरली तर ४५ टक्के. अजून एक गोष्ट त्यात होती, जी मला बाळांच्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते, तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं डिप्रेशन ५७ टक्क्यांनी कमी होतं. गोळी नाही, काउन्सेलर नाही. महिन्यातून एकदा बाकीच्या बायका आपलं ऐकून घेतात, आपल्या अडचणीवर डोकं लावतात, आपल्या बाळंतपणासाठी गाडीची सोय आधीच ठरवून ठेवतात. नंतर अशाच देशोदेशीच्या अभ्यासांवरून असंही दिसलं की गावातल्या गरोदर बायकांपैकी निदान एक तृतीयांश तरी अशा गटात यायला पाहिजेत, तेव्हा चांगला फरक पडतो. मूठभर हुशार बायकांचा गट करून भागत नाही, ज्या सगळ्यात लांब राहतात त्यांना आणावं लागतं.

याच्या उलटं काय होतं ते बघायचं असेल तर आमच्याच बीड जिल्ह्यात बघा. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या भरायला लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, सहा महिने साखर कारखान्याच्या हद्दीत कोपीत राहायचं. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या आणि वर ताडपत्री, आत वाकून जावं लागतं, मोरी नाही, संडास नाही. पहाटे तीन-चारला फडात. एक दिवस दांडी मारली तर खाडा, त्याचे पैसे कापून जातात. ही बाई गावातल्या आशाच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेविकेच्या, रजिस्टरमध्ये आहे पण गावात नाही, आणि जिथं आहे तिथल्या रजिस्टरमध्ये तिचं नाव नाही. सातव्या महिन्यात गेलेली बाई तिकडं बाळंत होते आणि परत येईपर्यंत बाळाचे डोस चुकलेले असतात. ज्या गावच्या शिवारात ती ऊस तोडते त्या गावाला ती कोणीच नाही, दुकानदार उधारी देत नाही, हापशावर तिला शेवटी नंबर. पाळीच्या दिवसांत कुठं जायचं हा प्रश्न, अंगावरून जातं म्हणून डॉक्टरकडं गेली तर पिशवी काढून टाका म्हणून सल्ला. २०१९ ला बातम्या आल्यावर सरकारनं समिती नेमली, साधारण ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात वयानं कमी असलेल्याही होत्या. हा सगळा दोष डॉक्टरांवर टाकून मला थांबता येत नाही. तिच्या बाजूनं "थांबा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू" म्हणणारी एक अक्का तिथं असती तर यातल्या कितीतरी जणी वाचल्या असत्या असं मला मनापासून वाटतं.

मी आता पुण्यात राहते, मोठ्या सोसायटीत. इथं गणपतीला, कोजागरीला माणसं भरपूर जमतात आणि ते मला आवडतंही. पण कामाला येणाऱ्या बायकांना लिफ्ट वेगळी आहे, आणि दुपारी दोन घरांच्या मधल्या वेळात त्या जिन्यात बसून डबा खातात कारण बसायला जागाच नाही. आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका ताईंना टीबी निघाला. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, गोळ्यांचं पाकीट ब्लाउजमध्ये लपवून आणायच्या आणि जिन्यात पाणी पिऊन घ्यायच्या, कारण कळलं तर सगळी घरं सुटतील ही भीती. टीबीचा कोर्स निदान सहा महिन्यांचा, मधे सोडला तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, नोव्हेंबर २०२४ पासून खाण्यासाठी महिन्याला हजार रुपये खात्यावर येतात, सगळं आहे. योग्य गोळ्या नीट सुरू झाल्या की साधारण दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांपासून दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूपच कमी होतो, हे आमच्या सोसायटीत शिकल्या-सवरलेल्यांना माहीत नाही आणि ताईंना मात्र दवाखान्यातल्या मावशींनी सांगितलेलं पाठ आहे. त्यांच्या गोळ्या पूर्ण होणं न होणं हे शेवटी आम्ही त्यांना कसं वागवतो यावर येऊन थांबलं होतं.

आम्ही तीन-चार घरांनी ठरवून त्यांना पहिला महिना भरपगारी सुट्टी दिली, आणि परत आल्यावर एका घरानं दुपारचं जेवण टेबलावर बसून करायचं असं सांगून टाकलं. गोळ्या पूर्ण झाल्या, वजनही वाढलं. क्लब हाऊसची एक खोली दुपारी बारा ते तीन कामवाल्या ताया आणि वॉचमन काकांसाठी उघडी ठेवावी म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला, पंखा, पाण्याचा फिल्टर, चार खुर्च्या, एवढंच. बराच वाद झाला पण खोली मिळाली. त्या खोलीत आता बीपीचं मशीन आहे, आमच्या बिल्डिंगमधल्या एक निवृत्त नर्स काकू गुरुवारी बसतात, आणि बीपी मोजून घ्यायला ताया येतात तशा वरच्या मजल्यावरच्या आज्याही यायला लागल्यात, कारण तिथं गप्पा चांगल्या होतात. लिफ्टचा विषय अजून सुटलेला नाही, तो मी सोडणारही नाही.

पण जीव माझा गावाकडंच अडकलाय. आमच्या गावच्या आशाताईंनी दोन हंगामांपासून स्वतःच्या डोक्यानं एक काम सुरू केलंय, तोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांची आणि दोन वर्षांच्या आतल्या लेकरांची यादी करतात, कोण कुठल्या कारखान्याला चाललंय ते मुकादमाकडून काढून घेतात, आणि तिकडच्या गावातल्या आशाचा नंबर शोधून तिला फोन करून सांगतात, "आमच्या चार बाया तुमच्याकडं आल्यात, जरा बघा." एका ताईनं तिकडून बाळंतिणीच्या कोपीत गरम पाण्याच्या पिशवीसकट फोटो पाठवला होता, तो त्यांनी मला दहा वेळा दाखवला असेल. ज्या पोरांची गावातच हंगामी वसतिगृहात सोय होते ती तर मागं राहून शाळा तरी शिकतात, पण अंगावरची लेकरं आईबरोबर जाणारच, त्यांच्यासाठी हे फोन फार कामाचे आहेत. अडचण एकच, नंबर मिळत नाहीत, वेळ त्यातच जातो. यंदा गाड्या भरायच्या आधी नंबरांची यादी करून ठेवायचं आम्ही ठरवलंय. तुमच्या ओळखीत कारखाना परिसरातल्या आशा, गटप्रवर्तक, नर्स किंवा कारखान्याच्या शेतकी ऑफिसातलं कोणी असेल तर त्यांना विचारून मला कळवा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे जास्त लागतील, आणि बेळगावच्या बाजूला आमची बरीच माणसं जातात, तिकडचं कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारं कोणी भेटलं तर फार बरं होईल.